सहा टिंबे आणि एक तेरीज

‘अंध मुलीने कॉमर्स कशाला घ्यायचे?’ हा प्रश्न इतरांच्या आधी माझ्याच मनात आला होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे. मी स्वतः वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे सारे रेघा मारलेल्या कागदाचे शास्त्र. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आणि खाली दोन बेरजा समोरासमोर. ज्याला डावे-उजवे रकाने दिसतच नाहीत त्याने हिशेब कसा मांडावा, असे मला वाटे. मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यात मावशीकडे गेले आणि तिथल्या पाच आठवड्यांत हा समज कसा मोडला, तसेच ब्रेल लिपीविषयी मी काय शिकले, ते या लेखात सांगणार आहे.

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीला जाणे आता काही तासांचे काम. पण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी हाच प्रवास म्हणजे खराखुरा परदेशप्रवास होता. त्यातही डिचोली आणि पेडणे हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती उशिरा गेले. डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून. म्हणून त्यांना ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. घरात कोंकणी आणि शाळेत, देवळात, भजनात मराठी अशी इथली रीत. आमच्या घरी जसे मराठी-कन्नड एकाच ताटात, तसेच काहीसे. त्यामुळे मला परके असे वाटले नाही.

मावशी डिचोलीला राहते. तिच्या ओळखीने पहिले दहा दिवस मी विशेष मुलांच्या एका शाळेच्या सुट्टीतील वर्गात मदतीला जात होते. डिचोली परिसरात केशव सेवा साधना ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते, फोंड्याजवळ ढवळी येथे लोकविश्वास प्रतिष्ठान आहे, पर्वरीला संजय स्कूल आहे. गोवा लहान असले तरी या बाबतीत अगदीच मागे नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ भरला, तेव्हा दिव्यांगांचा एवढा मोठा मेळावा गोव्याने प्रथमच पाहिला.

मी ज्या वर्गात जात होते तिथे माझा उपयोग फारसा झाला नाही, हे सांगायला हरकत नाही. कागदाची तोरणे कापणे, मुलींच्या वेण्या घालणे, डबे उघडून देणे इतकेच. एक गोष्ट मात्र शिकले. तिथल्या बाई मुलींना दुकानातून वस्तू आणायला शिकवीत. आपण ज्याला एक काम समजतो त्याचे त्यांनी बारा-तेरा तुकडे पाडले होते. पिशवी घेणे, नोट मुठीत धरणे, दुकानाशी रांगेत थांबणे, वस्तूचे नाव सांगणे, नोट देणे, सुटे पैसे येईपर्यंत हात पुढे ठेवणे, असे एकेक. एक तुकडा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. दहाची आणि वीसची नोट ओळखण्यातच एका मुलीचे तीन आठवडे गेले होते, आणि बाईंना त्यात काही विशेष वाटत नव्हते. आमच्या पुस्तकात ‘व्यवहार’ या शब्दाची व्याख्या दोन ओळींत आटोपते!

नवव्या दिवशी मी सहज बोलून गेले की परवापासून मी येणार नाही. रोज माझ्या पदराला, म्हणजे ओढणीला, धरून बसणारी एक बारा वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे फिरकली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. डबासुद्धा उघडला नाही. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, “तुम्ही मुलं येता ते चांगलंच आहे. पण किती दिवस येणार ते पहिल्याच दिवशी सांगत जा. आम्हाला नव्हे, त्यांना. भिंतीवर तारखांचा कागद लावायचा आणि रोज एक चौकोन पुसायचा. मग जाणं कळतं.” हरमलच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे परदेशी पाहुणेही कधी कधी अशा कामात हात लावतात आणि हंगाम संपला की निघून जातात, असे मावशी सांगत होती. मी बेळगावहून येऊन वेगळे काय केले होते?

त्याच बाईंनी मला पेडण्याला पाठवले. त्यांच्या नात्यातली एक मुलगी, अकरावी कॉमर्स झालेली, पूर्ण अंध. लहानपणी निवासी शाळेत ब्रेल शिकलेली. आता गावातल्या घरी राहून कॉलेज करते आणि तिला पुस्तक वाचून दाखवायला कोणी नाही. “तू कॉमर्सची ना? तिथे तुझा उपयोग होईल,” असे त्या म्हणाल्या. मी या वेळी आधीच सांगून टाकले, पंचवीस दिवस. तिचे नाव मी इथे देत नाही, कारण तिने तसे सांगितले आहे.

घरात आजी, आई आणि स्कूटरवरून तिला कॉलेजात सोडणारा भाऊ. भावाला त्या वर्षी मोपाच्या विमानतळाच्या बाजूला काम लागले होते आणि सोडायचे कोणी हा प्रश्न उभा होता. दहावी झाली, अकरावीही झाली, आता पुरे, असे घरात बोलले जात होते. आजी तर माझ्यासमोरच म्हणाली. त्यात दुष्टपणा नव्हता, काळजी होती. पण मुलगा असता तर कोणी एवढ्यावर पुरे म्हटले असते का? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांच्यातील पुरुषांत साक्षर सुमारे ६२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ४५. मधल्या सतरा टक्क्यांचे कारण डोळ्यांत किंवा पायांत शोधून सापडणार नाही. ते उंबऱ्यापाशी आहे.

पहिल्या दिवशी मी तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवू लागले तर ती म्हणाली, “ताई, हे माझं घर आहे. तूच बस.” बाहेर चालताना आपण अंध व्यक्तीचा हात धरून पुढे ढकलायचा नसतो. आपण आपले कोपर पुढे करायचे, ते तिने धरायचे, आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालायचे. आपले शरीर वर-खाली झाले की पायरी आली हे तिला कळते. हे मला तिनेच अंगणात दोन फेऱ्या मारून शिकवले.

आता लिपीकडे वळते. लुई ब्रेल हा फ्रेंच मनुष्य १८०९ साली जन्मला आणि १८५२ साली वारला. लहानपणी वडिलांच्या कातडीकामाच्या हत्याराने डोळ्याला इजा होऊन तो अंध झाला, आणि पुढे तसल्याच टोकदार हत्याराने कागदावर उंचवटे उठवण्याची लिपी त्याने सिद्ध केली. एका घरात सहा टिंबे. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. यांतली कोणती उठवायची आणि कोणती नाही, यावरून ६३ निरनिराळ्या खुणा होतात. १ आणि ३ उठवले की ‘क’. १, ३, ४ म्हणजे ‘म’. १, २, ३ म्हणजे ‘ल’. ही तीन घरे ओळीने आली की ‘कमल’. काना, मात्रा, वेलांटी वर-खाली चिकटवायला जागा नसल्यामुळे स्वर अक्षराच्या पुढे स्वतंत्र घरात येतो. ‘की’ लिहायचे तर ‘क’ आणि मग ‘ई’.

लिहिताना गंमत आहे. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोचणीने मागच्या बाजूने टोचावे लागते, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे. कागद पालटला की उंचवटे वर येतात आणि वाचन डावीकडून उजवीकडे होते. मी शहाणपणाने डावीकडून सरळ ‘कमल’ टोचले आणि कागद तिच्या हाती दिला. ती बोट फिरवून म्हणाली, “ळ... श... आणि हे काय? ताई, ही कुठली भाषा?” माझा ‘ल’ उलटून ‘ळ’ झाला होता आणि ‘म’ उलटून ‘श’! आकड्यांचेही असेच. आकड्यासाठी निराळी टिंबे नाहीत, आधी अंकचिन्ह द्यायचे आणि मग अक्षरांचीच घरे वापरायची. अंकचिन्ह पुसट उठले की २० चे ‘बज’ होऊन बसते. हिशेबनिसाला याहून मोठी धास्ती कोणती?

आपल्या देशात ही लिपी आणण्यात परदेशातून आलेल्या स्त्रियांचा मोठा वाटा आहे. १८८७ साली अ‍ॅनी शार्प या इंग्रज मिशनरी बाईंनी अमृतसरला अंधांची पहिली शाळा काढली. ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. आपल्या मराठी मुलखापुरते बोलायचे तर अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांचे नाव घेतले पाहिजे. १८९९-१९०० चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. १९०० साली मिलार्डबाईंनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच आज दादरची श्रीमती कमला मेहता अंधशाळा, आणि ती केवळ मुलींसाठी आहे. धर्मप्रचाराचा हेतू होता का? मिशन होते, म्हणजे होताच. पण त्या दहा दिवस तोरणे कापून परत गेल्या नाहीत. त्यांनी उभी केलेली शाळा सव्वाशे वर्षांनंतरही मुलींना शिकवते आहे, हेही खरे.

पुढे अडचण अशी झाली की निरनिराळ्या प्रांतांतील शाळांनी निरनिराळ्या ब्रेल पद्धती बनवल्या. एका प्रांताचा अंध विद्यार्थी दुसऱ्या प्रांताचे पुस्तक चाचपडे आणि त्याला काही लागत नसे. स्वातंत्र्यानंतर या गोंधळाला आळा घालण्याचे प्रयत्न झाले. युनेस्कोतर्फे जागतिक ब्रेलचे काम पाहणारे सर क्लुथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे गृहस्थ स्वतः पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला दृष्टी गमावलेले होते. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला त्यांनी काम केले होते, त्यामुळे इथले प्रश्न त्यांना ठाऊक होते. अखेर १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरली. तिचे तत्त्व असे की भारतातील सर्व भाषांत एका ध्वनीला एकच खूण. मराठीचा क, कन्नडचा क, बंगालीचा क, सारे १ आणि ३. जी लिपी डोळ्यांना दहा प्रकारची दिसते ती बोटांना एकच लागते.

हे वाचल्यावर मला एक प्रयोग सुचला. आमच्या या नियतकालिकाचे दोन विभाग आहेत, आणि मराठी विभाग वाचणारा कन्नड विभागाची पाने उलटून पुढे जातो, कन्नड वाचणाराही तेच करतो. मी मराठी माध्यमात शिकले. कन्नड बोलता लहानपणीच येत होते, पण ती वळणदार अक्षरे गिरवायला मला दोन वर्षे लागली. त्या रात्री मी पाटी घेतली आणि उलटे-सुलटे नीट सांभाळून सहा-सात कन्नड शब्द टोचले. सकाळी तिला काही न सांगता कागद दिला.

“नीरु,” तिने वाचले. “नीर म्हणजे पाणी ना? पण हे ‘रु’ का?” मी काही बोलले नाही. “हालु. हालू नकोस मधलं?” मी म्हटले, नव्हे, दूध. मग ‘ऊट’ वाचून तिने विचारले की अनुस्वार राहिला का, उंट पाहिजे ना! ऊट म्हणजे जेवण. ‘मने’ या शब्दाला ती अडखळली, कारण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे असतात आणि तसा भेद मराठी लिपीत नाही. तो एक धक्का सोडला तर ज्या भाषेचा एक शब्द तिच्या कानावरून कधी गेला नव्हता ती भाषा ती खडाखड वाचत होती. शेवटचा शब्द ‘अक्क’. तो तिला सांगावा लागला नाही.

मला हसू येत होते आणि थोडे वाईटही वाटत होते. आमच्याकडे पाट्यांवरील अक्षरांवरून काय काय झाले आहे ते वाचकांना ठाऊक आहे. असो.

आता तेरजेची गोष्ट. दुपारी आम्ही हिशेबाला बसत असू. कोणी म्हणेल, आता मोबाइल बोलतो, संगणक बोलतो, मग ब्रेल आणि वाचक हवेत कशाला? बोलणारी साधने फार उपयोगी आहेत, यात शंका नाही. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने लिहायला घेतली, पुढे दुसरा अंध मित्र त्याला मिळाला, आणि ती आजही सर्वांना विनामूल्य मिळते. ती मुलगी मोबाइलवर वर्तमानपत्र ऐके ते इतक्या वेगाने की मला एक शब्द कळत नसे. परंतु यंत्र एकापाठोपाठ एक वाचते. रकाना म्हणजे काय ते कानाला कळत नाही. बारा आकडे सलग ऐकून त्यांतले कोणते नावेचे आणि कोणते जमेचे हे डोक्यात धरावे लागते. अंकगणितासाठी तिच्याकडे टेलर फ्रेम होती. अष्टकोनी भोकांची ही पाटी असते आणि तीत खिळा आठ दिशांपैकी ज्या दिशेने बसवावा त्यावरून अंक ठरतो. पण तेरजेच्या बेरजा ती मनातच करी.

तिने सांगायचे आणि मी लिहायचे, अशी आम्ही परीक्षेची तालीम घेत होतो. एका उदाहरणात व्यापाऱ्याने घरखर्चाला केलेली ६०० रुपयांची उचल तिने जमा बाजूला सांगितली. उचल नावे बाजूला येते, हे अकरावीचे पहिले धडे. मला वाटले, एवढीशी तर चूक, तिची होईल निराशा. मी काही न बोलता रक्कम नावेच्या रकान्यात लिहिली आणि शेवटी वाचून दाखवले, “नावे ३०,२००, जमा ३०,२००. जुळली!”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “माझी जमा ३०,८०० होते. नावे २९,६००. ताई, तू काय केलंस?”

मी गुळमुळीत काहीतरी उत्तर दिले. तिचा चेहरा लाल झाला. “जन्मभर सगळे माझं असंच जुळवून देतात,” ती म्हणाली. “मला चुकीचंच परत लिहून दे.” मी नवा कागद घेतला आणि तिने सांगितल्याप्रमाणे ६०० जमा बाजूला लिहिले. फरक १,२०० आला. ती पुटपुटली, १,२०० चा निम्मा ६००, म्हणजे ६०० ची रक्कम उलट्या बाजूला पडली असणार. ६०० ची रक्कम एकच, उचल. दोन मिनिटांत तिने आपली चूक आपणच धरली. फरकाचा निम्मा करून पाहण्याची ही युक्ती आमच्या सरांनी आम्हालाही सांगितली होती. तो तास मी खिडकीतून बाहेर पाहण्यात घालवला होता.

परीक्षेतील लेखनिकाचे नियम मी त्या रात्री मुद्दाम वाचून काढले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगता धरल्या आहेत, आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत. ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळत असे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण तिच्यापेक्षा एक पायरी कमी असावे, असा त्या सूचनांत नियम होता. म्हणजे मी, बी.कॉम.ची विद्यार्थिनी, तिची लेखनिक होऊच शकत नव्हते. दुपारच्या त्या प्रसंगानंतर हा नियम कशासाठी केला असावा ते मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मग शेजारची दहावीतली मुलगी लेखनिक म्हणून ठरली. तिला नावे-जमा काहीच ठाऊक नव्हते, आणि ते तसेच राहू द्यायचे होते. तेव्हा आम्ही बाईंची डिचोलीची युक्ती वापरली. पान आडवे धर. वरून दोन बोटे सोड. चार उभ्या रेघा. पहिल्या घरात नाव. माझे शेवटचे सहा दिवस मी नुसती कोपऱ्यात बसून होते आणि या दोघींचे काम ऐकत होते. एकीला दिसत होते पण कळत नव्हते, दुसरीला कळत होते पण दिसत नव्हते. कॉलेजला सोडण्याचा प्रश्न आईने सोडवला. लेखनिक मुलीची आई सकाळी त्याच वाटेच्या बसने कामाला जाते, तिच्याबरोबर ती जाऊ लागली. आजी निघताना मला म्हणाली, “बाय, परत यो.” तारखांच्या कागदावरचा शेवटचा चौकोन तिने स्वतः टोचणीने भोक पाडून पुसला होता.

दिवाळीच्या सुमारास एक जाड लिफाफा आला. त्यावर तिकीट नव्हते. अंधांसाठीचे ब्रेल साहित्य सात किलोपर्यंत टपालखाते विनामूल्य पोचवते, हे पोस्टमनकाकांनाही मीच सांगितले. आत एकच ब्रेलचा कागद. डोळ्यांनी वाचायचा तर उजेड बाजूने पडावा लागतो, म्हणून मी खिडकीपाशी बसले. पहिल्या दोन ओळी मराठीत होत्या. पहिल्या सत्राच्या परीक्षेत तेरीज जुळली नाही, ९० चा फरक राहिला, पण तो कुठे आहे ते घरी आल्यावर सापडले. तिसरी ओळ मला लागेना. चाळीस मिनिटे मी टिंबे मोजत होते. शेवटी मोठ्याने उच्चार करून पाहिला तेव्हा कळले की ती कन्नडमध्ये होती, कुठून तरी मिळवलेली आणि दोन ठिकाणी चुकलेली: अक्क, ऊट आयिता?